तिसरा गिअर

आज खाली उतरवला, अलीदोद, तुझा गिअरबॉक्स.
किमतशोकाकाच्या खड्ड्यात, दोन जॅक, तुतीचा एक ओंडका,
आणि निम्मा भार माझ्या पोटावर.
"बाळंतपणाहून हलका आहे," म्हटलं मी,
तर म्हातारा लाजला आणि पान्हा शोधायला लागला,
जो त्याच्या हातातच होता.

तेल काढलं. काळं, जळकट, आणि आत काहीतरी चमचमणारं.
बुचाच्या चुंबकाला लोखंडाची बारीक लव चिकटलेली.
पितळ मात्र चुंबकाला जुमानत नाही,
ते तेलातच तरंगत राहिलं,
शोहदराच्या वाळूत लोक शोधतात त्या सोन्यासारखं.

झाकण उघडल्यावर दिसला तिसरा.
दात कसले, हिरड्याच.
उतारावर टक्कन बाहेर उडायचा
आणि गाडी मोकळी सुटायची नदीकडे.
तू उजवा गुडघा टेकवायचास दांड्याला
आणि मागच्या बायकांशी बोलत राहायचास
बटाट्याच्या भावाबद्दल.
तू येकातेरिनबुर्गला गेलास, गुडघा मला देऊन.
हा चौथा हिवाळा. बाहेरच्या बाजूनं घट्टा पडलाय,
हमामात बायका विचारतात, हे काय?

मग क्लच. प्लेट रिव्हेटपर्यंत खाल्लेली,
फ्लायव्हीलवर निळे डाग, मार लागल्यासारखे,
रिलीज बेअरिंग फिरवलं तर कोरडं रडलं.
काका म्हणाला, "पेडलवरून पाय न उचलणाऱ्याची ही खूण."
मी मान खाली घातली.
तूच ना ओरडायचास मला, शिकवताना,
रोश्तकलाच्या पुलावर, सगळ्या गावादेखत:
पाय काढ! क्लच म्हणजे पायपुसणं नाही!

पण पेडलचं रबर झिजलंय वरच्या कोपऱ्यात,
रुंद बुटाच्या टाचेवर टेकून पंजा तिरका ठेवला तर लागेल तिथे.
मी बसून पाहिलं. पुढे सरकून पाहिलं.
माझा पाय तिथवर पोचतच नाही.

म्हणजे तो तुझा पाय होता, अलीदोद.
अर्धा दाबलेला. जोडलेलं नाही, सुटलेलंही नाही,
आणि सगळी उष्णता मधल्यामध्ये.
फोनवर बोलतोस तसंच: वसंतात येतो. बघू. पगार झाला की.

नवी प्लेट दुशान्बेहून आली, कलिंगडांच्या ट्रकमधून.
ती मधोमध बसवायला काकानं जर्दाळूच्या फांदीची खुंटी तासली,
मापपट्टी न लावता, एक डोळा मिटून.
मेन शाफ्टच्या टोकाला सुया बसवायच्या होत्या, चौदा.
ग्रीसमध्ये रोवत गेलो एकेक.
तेरा.
पुन्हा मोजल्या. तेराच.
खड्डा झाडला, बाह्या झटकल्या,
कोंबडीवर संशय घेतला, तिला उलटी धरली.
चहा झाला, अंधार पडला,
पलीकडच्या उतारावर एकच दिवा लागला.
सुई चुंबकाच्या बुचाला होती.
तिथेच ठेवलं होतं ते, आमच्या डोळ्यांसमोर, सकाळपासून.

आज दुपारी चढावर तिसरा टाकला.
आपल्याच घरात शिरावं, दार न वाजवता, तसा गेला.
उतारावरही राहिला.
माझा गुडघा मात्र दांड्याला टेकलेला.
काढला. वळणावर पाहते तर पुन्हा तिथेच.
काका शेजारी बसला होता, खिडकीबाहेर बघत राहिला.

रात्री तू विचारलंस, गाडी कशी आहे?
चालतेय, म्हटलं.
गाडीबद्दल तू आणखी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही.
जुनी पितळी रिंग रॉकेलमध्ये धुऊन खिडकीत ठेवलीय.
मुलगी ती मनगटात घालून बघते.
मोठी होते.